पडवीतले तेरा पाट

नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या असं डॉक्टरने सांगितलं तेव्हा मी आधी नवऱ्यावरच ओरडले. दवाखान्याच्या पायऱ्यांवर, चारचौघांत. दोन वर्षं सुजलेले पाय घेऊन हिंडत होता. विचारलं की म्हणायचा, ‘काय नाय गो, बूट चावतत.’ बूट चावतात म्हणे! मी एवढी ओरडले की तिथला शिपाई बाहेर आला. मग रिक्षात बसल्यावर मी रडले आणि तो बिचारा माझी समजूत काढत राहिला.

मी रागीट आहे, हे पहिल्यांदाच सांगून टाकते. बाबांचा स्वभाव जसाच्या तसा माझ्यात उतरला आहे. बाबा बोटीवर खलाशी होते, आठ-आठ महिने घरी नसायचे, आणि आले की पहिल्याच दिवशी कशावरून तरी भांडायचे. आई मात्र शांत. तिला आता कमी ऐकू येतं, त्यामुळे आणखीच शांत झाली आहे.

आम्ही राहतो कुडाळला, दोन खोल्यांत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि माझी किडनी जुळली. लोक लगेच मला सती-सावित्री म्हणायला लागले. कसली सावित्री! या माणसाशी मी तीस वर्षं रोज भांडले आहे. तो नसला तर भांडायचं कोणाशी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. डॉक्टर म्हणाले, उशीर करू नका. आमच्या हातात जे होतं ते डायलिसिसने खाल्लं होतं. उरलं होतं ते एकच, आईचं घर.

मालवणच्या अलीकडे, समुद्राला लागून असलेल्या आमच्या गावात बाबांनी ते चिऱ्याचं घर बांधलं आणि आईच्या नावावर केलं. मी एकुलती. माझ्यामागून एक भाऊ झाला होता, तो राहिला नाही. आईजवळ घर विकायचा विषय काढायला माझी जीभ उचलत नव्हती. तीन फेऱ्या नुसत्याच चहा पिऊन परत आले. चौथ्यांदा तिनेच विचारलं.

“ऑपरेशनाचा काय ठरला?”

मी कपातला चहा ढवळत राहिले.

“घर इक,” ती म्हणाली. “घर काय डोक्यार घेवन वर जाऊचा आसा?”

मला वाटलं, झालं, एवढं सोपं होतं तर. पण आईचं एक होतं. गणपतीचं काय करायचं?

बाहेरच्यांना यातली अडचण कळायची नाही. आमच्याकडे गणपती घराण्याचा असतो. तो मुलाकडे जातो, पुतण्याकडे जातो, लेकीच्या सासरी जात नाही. माझ्या सासरचा गणपती कणकवलीला थोरल्या दिरांकडे बसतो, म्हणजे कुडाळच्या घरात जागा मोकळी होती. तरी देवाला विचारल्याशिवाय आई पाऊल उचलणार नव्हती. म्हणून आम्ही दोघी गावच्या देवळात कौल लावायला गेलो. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही.

गुरवाने आमच्या वतीने गाऱ्हाणं घातलं. गणपती लेकीकडे न्यायचा आहे, चालेल का? पाकळी हलेना. दहा मिनिटं गेली. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे, नवऱ्याला डायलिसिसवरून आणायचं होतं. तेवढ्यात आई पुढे झाली आणि म्हणाली, “म्हाराजा, पाट तोच न्हेतलंय. आमच्या घराण्याचो. मगे तरी चलात?”

उजवी पाकळी टपकन पडली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर खेकसले, “पाटाचा तू विचारलंसच कित्याक? नसतो गुंतो करून ठेवलंस!”

“तेणी उत्तर दिल्यान मा?” आई म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

तर हा पाट. आमच्याकडे गणपती दुकानातून आणत नाहीत. श्रावणाच्या आधी प्रत्येक घर आपला पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्याच्या कारखान्यात, नेऊन देतं. त्याच पाटावर मूर्ती घडते आणि चतुर्थीला तशीच डोक्यावरून घरी येते. पाट दिला की गणपती येणार हे पक्कं. आमचा पाट फणसाचा, आजोबांच्या वेळचा. शाळेत शंभर पाटांत मिसळू नये म्हणून बाबांनी त्याच्या कडेला कोयत्याने तीन खाचा पाडल्या होत्या.

“आधी पाट शाळेत जातलो, मगे माझी सही,” आईने मला बजावलं. “पाट गेल्याबिगर मी सही करूचंय नाय.”

“व्हय गो व्हय,” मी म्हटलं. त्यात काय मोठंसं!

मालवणचा एक एजंट घर बघायला आला. दारातच थबकला. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणाला, “ताई, असं घर दाखवलं तर गिऱ्हाईक दारातून परत जाईल. आधी सगळं मोकळं करा. मग मी फोटो काढतो.”

मोकळं करा! सांगायला त्याचं काय जातंय. आईने साठ वर्षांत त्या घरातून एक सुतळी बाहेर जाऊ दिली नव्हती. माळ्यावर नारळाच्या करवंट्यांची दोन पोती. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, रिकाम्या, धुतलेल्या, बुचांसकट. मोडक्या छत्र्या सात. त्यातल्या चार बाबांच्या, आणि बाबांना जाऊन पंधरा वर्षं झाली. लग्नपत्रिका, पिशवीत पिशव्या, त्या पिशव्यांत आणखी पिशव्या. बोटीवरून आणलेला रेडिओ, जो मी शाळेत असताना बंद पडला. दोराचे तुकडे तर एवढे, की बांधले असते तर कुडाळपर्यंत पोचले असते. प्रत्येक वस्तूला आईचं उत्तर एकच.

“लागात कधीतरी.”

“कधी लागतला? कोणाक लागतला?”

“आता लागणा नाय म्हणून कधीच लागाचा नाय काय?”

ज्येष्ठाचे दिवस, बाहेर धो धो, आत कुबट वास. डायलिसिस नसेल त्या दिवशी पहिली यस्टी पकडून मी यायची आणि संध्याकाळी परत जायची. सुरुवातीला एकेक वस्तू आईला दाखवून विचारत होते. अशाने चतुर्थी उजाडली असती. मग विचारणं सोडलं. ती दुपारी आडवी झाली की मी भराभर पोती भरायची. चोरासारखी. आपल्याच घरात, आपल्याच आईच्या वस्तू. एकदा तिचा एक फुटका चिनी मातीचा कप टाकताना मी दोन मिनिटं थांबले होते, याच कपातून ती मला तापात पेज पाजायची. मग टाकला. नवऱ्याच्या अंगाला तेव्हा सारखी खाज सुटायची, तो भिंतीला पाठ घासत बसायचा. ते आठवलं की माझ्या हातात एक प्रकारचं भूत शिरायचं. मग मला कप दिसायचा नाही, काही दिसायचं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. सांगायचं टाळत होते, पण त्याशिवाय पुढे जाता येत नाही.

जुनं लाकूड आणि तांबं-पितळ घेणारा एक टेंपोवाला आला होता. घंगाळ, हंडे, आडाळो म्हणजे आमची विळी, मोडका पाळणा, सगळं तो पडवीत मांडून बघत होता. त्याच वेळी कोल्हापूरहून फोन आला. नवऱ्याच्या रक्तात काहीतरी वाढलंय, परत तपासा. मी एका कानाला फोन लावून उभी. आई आतून म्हणाली, “गो, पडवीतले पाट देव नको हां. माका विचारल्याबिगर देव नको.” मी हातानेच तिला ‘हो हो’ केलं. टेंपोवाल्याने पाटांच्या चळतीकडे बोट दाखवलं. जेवायला बसायचे बारा पाट होते आमच्याकडे, आता खाली बसून जेवणार कोण? मी मान हलवली. आणि त्याच्याकडे पाठ फिरवून फोनवर डॉक्टरला विचारत राहिले की वाढलंय म्हणजे नक्की काय वाढलंय.

गणपतीचा पाट माळ्यावर, कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. त्यावर दरवर्षीच्या मातीचे थर असतात, तो शंभरात ओळखू येतो. माझ्या डोक्यात तो माळ्यावर सुरक्षित होता. आईने आठ दिवस आधीच शेजारच्या माणसाकडून तो खाली काढून घेतला होता, शाळेत द्यायचा म्हणून चिंच लावून घासला होता आणि वाळायला पडवीत ठेवला होता, हे मला कुठे माहीत! चळतीत बारा नव्हे, तेरा पाट होते. मी मोजले नाहीत.

घर मोकळं झालं. फोटो निघाले. मोकळ्या भिंती, मागे समुद्र. पंधरवड्यात पुण्याचं एक जोडपं आलं, घर पसंत पडलं, होमस्टे काढणार म्हणाले. माणसं चांगली होती. बाईने आईच्या पाया पडून आशीर्वाद घेतला. आषाढ संपता संपता सहीची तारीख ठरली, सोमवार. ऑपरेशनची तारीख त्याच्यावर अवलंबून.

गुरुवारी आई म्हणाली, “पाट शाळेत देवन येव. पडवीतलो तू उचलून ठेवलंस तो घे.”

“पडवीतलो?” मी म्हटलं. “तो माळ्यार आसा ना?”

आईने सांगितलं. मी ऐकलं. माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय झालं ते मला त्या दिवशी कळलं. खरंच सरकते, भिंत धरावी लागते. आईला म्हटलं, “हां, मीच कुडाळाक न्हेलंय वाटता, सामानातून. हाडतंय.” आणते म्हणे! उचलली जीभ लावली टाळ्याला. आईने माझ्याकडे बघितलं आणि तांदूळ निवडायला बसली.

टेंपोवाल्याचा फोन दोन दिवस लागेना. या दोन दिवसांत मी कोणाकोणावर ओरडले त्याचा हिशेब नाही. नवऱ्याच्या पथ्याच्या भाजीत मीठ पडलं म्हणून स्वतःवरच ओरडले आणि भाजी ओतून दिली. रात्रंदिवस एकच: सोमवार. सोमवारी आई विचारणार, पाट गेला काय? आणि मी काय सांगणार? तिने सही नाही केली तर पुण्याची माणसं थांबतील? थांबली तरी नवऱ्याचं रक्त थांबेल? शनिवारी सकाळी टेंपोवाला सापडला. म्हणाला, पाट सगळे मालवणातल्या एका हॉटेलवाल्याने घेतले, बंदराच्या वाटेवर, नवीन काढलंय.

हॉटेल म्हणजे काय, आमचीच घरं फोडून आत सजवलेली. भिंतीवर घंगाळ, भिंतीवर सूप, भिंतीवर कोणाच्यातरी आजीची तांदूळ धुवायची रवळी. माझे हंडे दारात, त्यांत झाडं लावलेली. मी पाट शोधत भिंतींवरून नजर फिरवत होते. पाट काही दिसेनात. मालकाला बोलवा म्हणून सांगायला वळले, तेवढ्यात पोऱ्या नव्हे, चांगला मिशाळ वेटर, माझ्या पुढ्यातून तळलेली मासळी घेऊन गेला आणि शेजारच्या टेबलावर ठेवली. कोल्हापूरकडचं एक कुटुंब होतं. मासळी ताटात नव्हती. एका फळीवर होती. वर केळीचं पान, पानावर सुरमईचे चार तुकडे, लिंबू, कांदा. पावसाळ्यातले मासेमारी बंदीचे दिवस, सुरमई बर्फातलीच असणार. फळीच्या कडेला तीन खाचा होत्या.

मी त्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले. ते लोक माझ्याकडे बघायला लागले. घरातली बाई म्हणाली, “काय हवंय?” मी नुसतं फळीकडे बोट दाखवलं. त्यांच्या मुलीने फळीवर काटे काढून ठेवले होते. त्या खाचांच्या अगदी बाजूला.

मालक धावत आला. तरुण, गावचाच, भला माणूस. “मावशी, बसा हंय. काय झाला? पाणी देव?” मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. तोही घरी गणपती आणणारा. सुताराकडून त्याने चार पाट कापून घेतले होते, एकेका पाटाच्या चार फळ्या. आजकाल मासे असे फळीवर द्यायची पद्धत आहे, गिऱ्हाईक फोटो काढतं. “मावशे, माका म्हायत नाय गो,” तो परत परत म्हणत होता, “माती लागलेली आसती तर मी हात लावलंय नसतंय.” त्याने ती फळी स्वतः नळाखाली धरली, साबणाने घासली, कपड्याने पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. बाकीच्या तीन फळ्या कुठल्या ते कोणालाच ओळखता येईना. सगळ्या सारख्याच, तेलाने काळपटलेल्या.

मला त्याच्यावरही ओरडता आलं नाही. त्याचं काय चुकलं होतं? मान मीच हलवली होती.

न कापलेले पाट मागच्या खोलीत होते. त्यातला एक मी मागून घेतला. फणसाचाच, मापाने जवळपास तेवढाच. कशासाठी मागितला ते त्याने विचारलं नाही. घेताना मला माहीत होतं मी काय करणार आहे, आणि तरी यस्टीत बसेपर्यंत मी स्वतःला सांगत राहिले की असाच आठवण म्हणून घेतलाय.

घरी आले तर नवरा डायलिसिसवरून येऊन पडला होता. मी पाट जमिनीवर ठेवला, करवत काढली. तीन खाचांची फळी समोर धरली आणि तसंच माप घेऊन खुणा केल्या.

“काय करतंस?” त्याने विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्याने कूस वळून माझ्या हातातल्या करवतीकडे बघितलं. मग म्हणाला, “आवशीक खरा सांग.”

“आणि तेणी सही नाय केल्यान तर? मरशील ना रे मेल्या!”

तोंडातून गेलं. ‘मेल्या’ आम्ही येता जाता म्हणतो, प्रेमानेही म्हणतो. पण त्या वेळी ते शब्द खोलीत तसेच राहिले. मी करवत चालवायला लागले, पाट हलत होता, खाच वाकडी जात होती. मग तो उठला. भिंतीला धरून धरून खाली बसला आणि दोन्ही हातांनी पाट दाबून धरला. त्याच्या हातात जोर नव्हता, पण धरला. तीन खाचा पाडल्या, कानस मारली, तेल आणि काजळी चोळली. परसातली माती लावून धुतली. आम्ही दोघं त्या वेळी एकमेकांकडे बघत नव्हतो.

रविवारी पाट आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावला नाही. पाट मांडीवर घेतला, एकदा वरून हात फिरवला, मग कडेवरून बोटं. खाचांवर बोट थांबलं. पहिली, दुसरी, तिसरी. परत पहिली. “बरा,” आई म्हणाली. “चल.”

शाळेत गेलो. पाऊण शाळा कच्च्या गणपतींनी भरली होती, हात नसलेले, सोंड नसलेले. मूर्तिकाराने पाट घेतला, मागे खडूने आकडा घातला. “औंदा कुडाळाक काय गो?” त्याने आईला विचारलं. आईने पानसुपारी ठेवली आणि हात जोडले. माझे हात जोडलेच जाईनात. मी पिशवी आवरत असल्यासारखं केलं. पिशवीच्या तळाशी ती फळी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. घरी ठेवायचं धाडस नव्हतं, टाकायचंही नव्हतं.

सोमवारी मालवणच्या कचेरीत साहेबांनी आईला मोठ्याने विचारलं, “आजी, घर स्वखुशीने विकताय ना? कोणाची जबरदस्ती?”

आई कचेरीत शुद्ध बोलते. म्हणाली, “स्वखुशीने, साहेब. जबरदस्ती कोण करणार?” आणि तिने सही केली. सावकाश, एकेक अक्षर. अंगठे झाले, फोटो झाले. पुण्याच्या बाईंनी पेढे दिले. मी पेढा तोंडात टाकला आणि बाहेर येऊन गटारात थुंकला. सुटकेने म्हणा, शरमेने म्हणा, माझं मलाच कळलं नाही.

चावी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. आईची शेवटची पिशवी आणायला आम्ही परत घरी आलो. घर रिकामं, बोललेलं घुमत होतं. माजघरात पूर्वेच्या भिंतीला जिथे गणपती बसायचा, तिथे धुराने काळी पडलेली कमान तेवढी राहिली होती. एजंटने रंग लावा म्हणून सांगितलं होतं, मी लावला नव्हता. आई तिच्याखाली जाऊन उभी राहिली.

“आपलो पाट खंय आसा गो?” तिने विचारलं.

“शाळेत. काल दिलो ना?”

“तो आपलो न्हय.”

मी खांद्यावरची पिशवी घट्ट धरली.

“खाची बोटाक लागले,” आई म्हणाली. “जुनी खाच बोटाक लागणा नाय. गुळगुळीत जाता.”

“मगे सही कित्याक केलंस?” माझा आवाज चढला. आत्ता, या वेळीही चढला. “सगळा म्हायत होता तर गप कित्याक रवलंस? देवाक तूच सांगलंस ना, तोच पाट म्हणून?”

“सांगलंय ना. पण पाट दुसरो गावता. जावय खंयसून हाडू?”

मी खाली बसले. नुसत्या जमिनीवर. पिशवीतून ती फळी काढली आणि वर्तमानपत्र सोडलं. कितीही धुतलं तरी तळलेल्या मासळीचा वास येत होता. सगळं सांगितलं. हॉटेल, सुरमई, ते काटे, करवत. नवऱ्याने पाट धरला तेही सांगितलं. आईने ऐकलं का, किती ऐकलं, देव जाणे. तिने फळी घेतली, नाकाशी नेली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मग विहिरीवर जाऊन ती धुतली, पदराने पुसली, कमानीखाली ठेवली. वर पिशवीतलं एक पान, एक सुपारी.

“उभी रव,” ती मला म्हणाली. “गाऱ्हाणा घालतंय. तू ‘व्हय म्हाराजा’ म्हण.”

गाऱ्हाणं पुरुष घालतात. घरातला कर्ता नाहीतर गुरव. आणि एकटं घालता येत नाही, प्रत्येक मागण्यावर बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणावं लागतं, तेव्हा ते देवापर्यंत पोचतं. आमच्या घरात ना पुरुष, ना बाकीचे. मी उठून उभी राहिले.

“बा देवा म्हाराजा,” आईने सुरू केलं. बाबा म्हणायचे त्याच चालीवर. “आज ह्या घरातसून तुका हलवतंव. आमी दोगी बायकामाणसां, आमका येता तसा सांगतंव, ता गोड मानून घे.”

“व्हय म्हाराजा.”

“पाट हरवलो. ह्या चेडवान हरवल्यान न्हय. माळ्यावरसून मी काढलंय, धुतलंय मी, पडवीत ठेवलंय मी. तोच पाट हाडतंय म्हणून तुका सांगणारी पण मीच.”

“आये—”

“म्हण.”

“व्हय म्हाराजा.”

“दुसरो पाट शाळेत गेलो. तो मी वळाखलंय. वळाखून दिलंय आणि वळाखून सही केलंय. तेचो दोष जो काय आसात, तो माझ्या पदरात घाल. चेडवाच्या नको, तेच्या घोवाच्या नको.”

आई थांबून राहिली. मी म्हटलं.

“दोगांका ऑपरेशनातसून धड हाड. हातापायान, मुखान, जसे गेले तसे हाड.”

“व्हय म्हाराजा,” हे मी जोरात म्हटलं.

“आणि म्हाराजा, बदल्यात तुका कोण एक व्हयाच आसात, तर मी हंय आसंय. माका घे. तेंका हात लाव नको.”

बाहेर भरतीचा आवाज येत होता. हे कसं म्हणणार? कोणती लेक म्हणेल? मी आईच्या पाठीकडे बघत होते. तिचे हात जोडलेलेच होते आणि ती मागे वळत नव्हती. मी म्हटलं नाही तर गाऱ्हाणं तिथेच राहणार, ऑपरेशन तसंच अडकून राहणार, हे तिलाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. मला नवरा आठवला, पाट दाबून धरलेले त्याचे हात आठवले.

“म्हण गो,” आई म्हणाली. “माका आयकाक येवक नाय.”

मी अजून म्हटलंच नव्हतं. तिला वाटलं, मी म्हटलं आणि तिला ऐकू आलं नाही.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, तिला ऐकू जाईल असं.